लिनक्सवर वर्गणीचा सिनेमा चालेना: फायरफॉक्समधला उपाय

उबुंटू, फायरफॉक्स. यूट्यूब सुरळीत, पण वर्गणी भरलेल्या सेवेवर प्ले दाबलं की काळा चौकोन आणि एरर. कुकीज पुसल्या, कोडेक टाकले, व्हीपीएन बंद केलं. फरक शून्य, डोकं मात्र फिरलं.

घोडं डीआरएमवर, म्हणजे सिनेमाची नक्कल होऊ नये म्हणून लावलेल्या डिजिटल कुलुपावर, अडलं होतं. सेटिंग्ज उघडा, जनरलमध्ये खाली 'प्ले डीआरएम-कंट्रोल्ड कंटेंट'वर टिक करा. मग कंट्रोल-शिफ्ट-ए दाबून प्लगिन्समध्ये जा. वाइडवाइनपुढे (हे कुलूप उघडणारा गूगलचा प्लगिन) 'लवकरच इन्स्टॉल होईल' असं दिसलं तर थांबा, ते मागे डाउनलोड होत असतं. झालं की 'ऑलवेज अ‍ॅक्टिव्हेट' निवडा आणि ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

चित्र फोर-के येत नाही म्हणून ड्रायव्हर बदलत बसू नका. लिनक्सवर वाइडवाइन सहसा एल३ या सर्वात खालच्या सुरक्षा पातळीवरच चालतं, आणि बऱ्याच सेवा तिथे रिझोल्यूशन कमीच देतात.