पाढे पक्के करायला पत्त्यांचा कॅट

मुलं ‘सात एके सात’पासून सत्तर घडाघडा म्हणतात, पण मध्येच ‘सात आठी?’ विचारलं की पुन्हा एकेपासून सुरू. यावर घरातला जुना कॅट कामाला येतो.

१. राजा, राणी, गुलाम, एक्के आणि दश्श्या काढून टाका. एक आणि दहाचं सगळ्यांनाच येतं. 32 पानं उरतात.
२. ज्याचा पाढा हवा ते एक पान, समजा सत्ती, उघडं ठेवा. बाकीची पिसून पालथी ठेवा.
३. वरचं पान उलटा. अठ्ठी आली तर मुलाने थेट ‘छप्पन्न’ म्हणायचं. बरोबर आलं की पान त्याचं.
४. चुकलं तर उत्तर सांगा आणि ते पान गठ्ठ्यात तीन-चार पानांखाली सरकवा.

खरी गंमत चौथ्या पायरीत आहे. जे अडतं तेच लगेच पुन्हा समोर येतं. येणारी पानं आपोआप खेळातून बाद होतात. गठ्ठा संपला की डाव संपला.

दोन-तीन डावांनंतर भूमिका बदला. मूल पान उलटेल, उत्तर तुम्ही द्या, आणि अधूनमधून मुद्दाम चुका. आईबाबांची चूक पकडायला मुलं भलतीच तयार असतात, आणि त्यासाठी उत्तर आधी त्यांना यावं लागतं! पहिली-दुसरीच्या मुलांसाठी दोन पानं उलटून फक्त बेरीज करा.

एक मात्र पाळा: सुरुवातीला घड्याळ लावू नका, आणि थोरल्या-धाकट्याला एकाच डावात एकमेकांविरुद्ध बसवू नका. धाकटं दोनदा हरलं की कॅट कपाटाखाली जातो.