पंपाला हात लावण्याआधी : जुन्या डिझेल गाडीत डिझेल कुठे अडतंय ते शोधताना

आयटीआयचा 'मेकॅनिक डिझेल' ट्रेड एका वर्षाचा. त्या वर्षात इंजेक्शन पंपाचा (नोझलकडे दाबाने डिझेल ढकलणाऱ्या पंपाचा) कापलेला नमुना बघायला मिळतो, चार स्ट्रोक पाठ होतात, फायरिंग ऑर्डर १-३-४-२ झोपेतसुद्धा सांगता येते. मग गॅरेजात येता आणि मालक एवढंच सांगतो, "सेल्फ घेते, पण चालू होत नाही." तिथून पुढे काय करायचं, हे पुस्तकात एका जागी सापडत नाही. माझं बरंचसं काम इंडिका, क्वालिस, सुमो आणि प्युजो इंजिनाच्या महिंद्रा जीप अशा मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांवर झालं. त्यातून जे हाताला बसलं ते इथे लिहितोय, नव्याने या कामात येणाऱ्या मुलामुलींसाठी.

आधी माझं मत सांगतो. डिझेल नीट पोचत नसल्याची तक्रार घेऊन जी गाडी येते, तिचा दोष बहुतेक वेळा पंपाच्या अलीकडे असतो. टाकी, पाइप, फिल्टर, प्रायमर (लाइनमध्ये डिझेल भरायचा हातपंप), वॉशर. तरीही सगळ्यात आधी पंप उतरवायचा निर्णय होतो, कारण तो महाग आणि गूढ वाटतो. पंप उतरवला की टायमिंग हललं, बेंचवर कॅलिब्रेशन (पंपाचं माप जुळवणं) आलं, मालकाचे हजारो रुपये गेले. आणि दोष रबरी पाइपात असेल तर गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी परत दारात. म्हणून पंप शेवटी.

हे समजायला एक गोष्ट पक्की डोक्यात हवी. रोटरी पंपाच्या (बॉशचा व्हीई किंवा क्वालिसमधला त्याच धर्तीचा डेन्सो) पोटात एक छोटा व्हेन पंप (पात्यांचा पंप) असतो आणि बऱ्याच गाड्यांमध्ये टाकीतून डिझेल ओढायचं काम तोच करतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची अख्खी लाइन ओढीखाली असते, दाबाखाली नाही. तिथे चीर पडली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली थेंब नाही, ओल नाही, सगळं कोरडं ठणठणीत, आणि गाडी मात्र हवा धरते. विहिरीवरच्या मोटरचा फूट व्हॉल्व्ह गळका झाला की सकाळी पाणी भरून मोटर चालू करावी लागते, हे शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला सांगावं लागत नाही. इथे तेच होतं. ज्या गाड्यांत इंजिनावर वेगळा फीड पंप असतो, तिथे फीड पंपाच्या अलीकडे ओढ आणि पलीकडे दाब. आपली गाडी कुठल्या प्रकारची, हे बॉनेट उघडल्यावर पाइप हाताने चाचपत आधी ठरवा.

पाना हातात घेण्याआधी मालकाशी बोला. घाई करू नका, अर्धं निदान इथेच होतं. सकाळीच त्रास आहे की गरम झाल्यावरही? चालू होऊन अर्ध्या मिनिटात बंद पडते का? घाटात चढावर दम तोडते आणि सपाटीला बरी चालते का? शेवटचं डिझेल कुठे भरलं? आणि हमखास विसरला जाणारा प्रश्न : गाडी रात्री उताराला तोंड करून लावता की चढाला? तोंड वर असलं की इंजिन टाकीपेक्षा उंच होतं. कुठेतरी हवा शिरत असेल तर रात्रभरात डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं आणि सकाळी पंप रिकामा. तीच गाडी उताराला तोंड करून लावली आणि पहिल्या सेल्फला चालू झाली, तर हवेचा संशय जवळजवळ पक्का.

मग सेल्फ मारायला लावा आणि सायलेन्सरच्या मागे उभे राहा. धूर अजिबात नाही याचा अर्थ सिलिंडरपर्यंत डिझेल पोचतच नाही. भरपूर पांढरा धूर येतोय पण इंजिन पेटत नाही, म्हणजे डिझेल पोचतंय, जळत नाहीये. तिथे हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारा), कॉम्प्रेशन, टायमिंग बघायचं. हा एक फरक ओळखता आला तरी अर्ध्या गाड्यांवरचा वायफळ खर्च वाचतो. क्वालिस किंवा जुन्या इंडिकासारख्या प्री-चेंबरच्या (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटतं अशा) इंजिनाला थंडीत हीटर प्लगशिवाय चालू होणं जड जातं, त्यामुळे महाबळेश्वर-पाचगणीकडच्या गाडीचा हिवाळ्यातला पांढरा धूर बघून डिझेल लाइन उसवत बसू नका.

धूर नसेल तर पहिली तपासणी विजेची. पंपावर एक स्टॉप सोलेनॉइड असतो, त्याला चावी फिरवली की १२ व्होल्ट मिळतात आणि डिझेलची वाट उघडते. चावी ऑन-ऑफ करताना 'टिक' आवाज येतो का ऐका. नाही आला तर टेस्ट लॅम्पने करंट बघा. करंट नसेल तर फ्यूज आणि वायर. करंट आहे पण आवाज नाही, तर सोलेनॉइड. हे काम दोन मिनिटांचं, म्हणून आधी.

मग प्रायमर. फिल्टरच्या डोक्यावरचं बटण किंवा रबरी फुगा दाबा आणि हाताला काय जाणवतं ते नीट लक्षात ठेवा. थोडं दाबल्यावर कडक झालं की लाइन भरली. कितीही दाबलं तरी मऊच, तर हवा येतेय, टाकीत डिझेल नाही किंवा प्रायमरचा आतला व्हॉल्व्ह गेलाय. दाबल्यावर आत बसलं आणि वर येईचना, तर टाकीकडची वाट बंद आहे : जाळीत गाळ, चेपलेला पाइप. अशा वेळी टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत गेली आणि गाडी सुधारली, तर व्हेंट (टाकीत हवा यायची वाट) तुंबलाय. या खुणा मोबाइलवर बघून कळत नाहीत. गॅरेजात येणाऱ्या चांगल्या गाड्यांचे प्रायमरही दाबून बघत जा, म्हणजे निरोगी गाडीचा प्रायमर कसा लागतो हे बोटांना कळेल.

आता माझी सगळ्यात आवडती चाचणी. हार्डवेअरच्या दुकानातून योग्य जाडीची पारदर्शक प्लास्टिक नळी हातभर आणा. फिल्टर आणि पंप यांच्यामधला काळा रबरी पाइप काढून तिथे ती क्लिप लावून बसवा. रिटर्नच्या (उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या) पाइपालाही असाच एक तुकडा जोडा. हवा काढा, गाडी चालू करा आणि बॅटरीचा उजेड नळीवर धरून बघत राहा. सुरुवातीला चार-दोन बुडबुडे जातात, ते सोडून द्या. पण इंजिन स्थिर झाल्यावरही बारीक मण्यांची माळ सुरूच राहिली, तर हवा फिल्टरच्या अलीकडून किंवा फिल्टरमधूनच येतेय. रेस वाढवा. ओढ वाढते तशी बारीक चीर जास्त हवा घेते, मण्यांचे मोठे बुडबुडे होतात. मग एकेका जोडावर बोट दाबून धरा, क्लिप आवळा, पाइप हलवून बघा. ज्या ठिकाणी हात लावल्यावर माळ तुटते, तिथे दोष. ही नळी फक्त तपासणीपुरती आहे. डिझेलमध्ये ती कडक होते आणि तडकते, गाडीत ठेवून देऊ नका.

अशी एक क्वालिस आठवते. कोकणातली गाडी, घर चढावर. रोज सकाळी प्रायमर मारल्याशिवाय चालू होत नव्हती आणि दुसरीकडे पंप उतरवायला सांगितलं होतं. पंपाकडे येणाऱ्या नळीत एक बुडबुडा नाही. ते बघून पंपाबद्दलचा संशय वाढला असता, पण गाडी बंद करून थोडा वेळ थांबल्यावर रिटर्नच्या नळीत डिझेलची पातळी खाली सरकताना दिसली. नोझलना (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडांना) एकमेकांशी जोडणारे जे बारीक, वरून कापडी विणीचे रिटर्न पाइप असतात, त्यातला शेवटचा वाळून तडकला होता. गाडी उभी राहिली की तिथून हवा शिरायची आणि डिझेल मागे उतरायचं. मीटरवर मिळणारा पाइप, नव्या क्लिपा, काम संपलं. म्हणून मी रिटर्न लाइनला कधी दुय्यम समजत नाही. वीस वर्षं जुन्या गाडीत हे पाइप बोटांनी वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या तर सरळ सगळे बदला.

नळीने उत्तर दिलं नाही तर कॅनची चाचणी. स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्या, पंपाचा इनलेट आणि रिटर्न दोन्ही त्यात सोडा, हवा काढा आणि गाडी चालवा. मस्त चालली तर पंप निर्दोष, दोष टाकी ते फिल्टर या पट्ट्यात. यात एक खोच आहे. कॅन बॉनेटवर उंच ठेवला तर डिझेल वरून आपोआप उतरतं आणि थकलेला व्हेन पंपसुद्धा धडधाकट वाटतो. म्हणून चालू झाल्यावर कॅन टाकीच्या उंचीला, खाली ठेवा. तिथूनही ओढून घेतलं तरच पंपाला पास करा. पुढे कॅन फिल्टरच्या आधी जोडा, मग टाकीजवळ. ज्या जोडणीला त्रास परत येतो, त्या तुकड्यात दोष.

पाण्याबद्दल थोडक्यात. फिल्टरच्या तळाचा ड्रेन काचेच्या बाटलीत सोडा. पाणी खाली बसतं, मधली रेघ स्वच्छ दिसते. काळा चिकट गाळ आला तर नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवून धुवावी लागेल. जास्त दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत पावसाळ्यानंतर हे हमखास बघावं.

हवा काढायचा क्रम टाकीकडून नोझलकडे. आधी फिल्टरचा ब्लीड स्क्रू, मग पंपाचा इनलेट, शेवटी नोझलवरचे नट एकेक फेरा सैल करून सेल्फ. सेल्फ दहा-पंधरा सेकंदांहून जास्त रेटू नका, मध्ये थंड होऊ द्या. बॅन्जो बोल्टचे (पाइपाचा जोड धरणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे. पंपाच्या रिटर्नचा बोल्ट ('आउट' लिहिलेला) आणि इनलेटचा बोल्ट यांची अदलाबदल करू नका. रिटर्नच्या बोल्टमध्ये बारीक छिद्र असतं, पंपाच्या आतला दाब त्यावर टिकतो.

इंजिन चालतं पण मिसिंग आहे (एखादा सिलिंडर पेटत नाही), तर आयडलला एकेका नोझलचा नट सैल करा. ज्याने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाहीये. तिथला नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून बघा. मिसिंग नोझलबरोबर सरकलं तर नोझल, जागीच राहिलं तर कॉम्प्रेशन किंवा पंपाचं ते आउटलेट. नोझल टेस्टरवर प्री-चेंबरच्या इंजिनाचा नोझल साधारण १२० ते १५० बारला उघडतो, डायरेक्ट इंजेक्शनचा २०० च्या वर. फवारा धुक्यासारखा हवा, टोकाला थेंब नको. त्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नका. डिझेल कातडीतून आत घुसतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवायची वेळ येते. असं झालंच तर दुखत नसलं तरी थेट हॉस्पिटल गाठा. आणि ही नट सैल करायची पद्धत फक्त जुन्या मेकॅनिकल पंपासाठी आहे. कॉमन रेल गाडीत (नवी पद्धत, सगळ्या नोझलना एकाच नळीतून दाब) लाइनमध्ये हजार बारच्या वर दाब जाऊ शकतो, तिथे चालू इंजिनावर नटाला पाना लावायचा नाही म्हणजे नाही.

एवढं सगळं स्वच्छ निघालं, तरच पंप. रेसच्या दांड्याच्या बुडातून किंवा हेडच्या सांध्यातून ओल दिसते का बघा. १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम सल्फरचं डिझेल आलं. जुने, वयाने कडक झालेले सील नव्या डिझेलमध्ये आकसून पाझरू शकतात. सील किट बसवणं हे बेंच असलेल्या पंपवाल्याचं काम, आपल्या टेबलावरचं नाही.

ज्यांना हेच काम पुढे न्यायचंय त्यांनी अप्रेंटिसशिपचा काही काळ पंप-नोझलच्या दुकानात घालवावा, असं मी आग्रहाने सांगेन. मोठ्या कंपन्यांच्या डिझेल कार कमी होतायत, मारुतीने तर २०२० पासून त्या थांबवल्या. पण ट्रॅक्टर, जनरेटर, मालवणच्या मच्छीमारांच्या होड्या, शेतातली इंजिनं यांना हेच ज्ञान लागतं, आणि ते येणारी माणसं दिवसेंदिवस कमी होतायत. सुरुवातीच्या हत्यारांत रिंग पान्यांचा संच, टेस्ट लॅम्प, पारदर्शक नळी, झाकणाचा कॅन आणि तांब्याच्या वॉशरची डबी एवढं पुरतं. नोझल टेस्टर नंतर घ्या.

दुरुस्ती झाल्यावर गाडी लगेच देऊ नका. संध्याकाळी चढाला तोंड करून लावा, सकाळी प्रायमरला हात न लावता सेल्फ मारा. पहिल्या झटक्यात चालू झाली तरच मालकाला फोन करा.