पोर्सिलेन फुलदाणीच्या तुटलेल्या पाकळ्या अशा बसवल्या (माझा अनुभव)

जर्मनीत ड्रेस्डेनला एल्बे नदीकाठी शनिवारी जुना बाजार भरतो तिथे कार्ल थीम कारखान्याची फुलदाणी मिळाली (ड्रेस्डेनजवळच्या पोटशापलचा, 1872 चा कारखाना, पोर्सिलेनसाठी प्रसिद्ध असलेला माइसेनचा नव्हे, लोक हमखास गल्लत करतात). अंगभर उठावाची फुलं, एकेक पाकळी हाताने वळून लावलेली, त्यातल्या काही तुटून सोबत पुडीत आणि काही आधीच कुणीतरी गोंदाने थापलेल्या, पार पिवळ्या पडलेल्या.

आधी जुना गोंद काढला. कानाची काडी अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून सांध्यावर ठेवायची, घासायचं नाही, भिजू द्यायचं. भट्टीत भाजलेल्या रंगाला काही होत नाही पण मागच्या दुरुस्तीचा वरून मारलेला रंग सुटतो, कापूस गुलाबी झाला की समजायचं.

चिकटवायला फेव्हिक्विक अजिबात नको, पाकळी सरकवायला वेळच देत नाही. मी पॅरालॉइड बी-72 हे अ‍ॅक्रिलिक रेझिन गोंद म्हणून वापरलं, म्युझियमवालेपण हेच वापरतात, अ‍ॅसिटोनने परत सुटतं हा मोठा फायदा. सुईच्या टोकाएवढा थेंब पुरतो, जास्त लावलं की सांधा जाड दिसतो. खरी गंमत पाकळी धरून ठेवण्यात, हात थरथरतोच, म्हणून फुलदाणी वाळूच्या परातीत अशी तिरकी रोवली की पाकळी स्वतःच्या वजनाने जागेवर बसून राहील, आणि रात्रभर हात लावला नाही.

हे रेझिन 40 अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणून हीटरजवळ किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका.

एक पाकळी सापडलीच नाही, ती जागा तशीच सोडलीय.