बीएमडब्ल्यू ३.० सीएसएल घेण्यापूर्वी ती कशी तपासावी

बीएमडब्ल्यूची ३.० सीएसएल विक्रीला निघाली आहे असे कळले की संग्राहक प्रथम किंमत विचारतो. माझ्या मते किंमत सर्वांत शेवटी विचारावी. या गाडीत पैसे मोजून घ्यावे असे दोनच ऐवज आहेत, तिची ओळख आणि तिचा पत्रा. इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांची कामे पुण्यात होऊ शकतात; भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत मापाबरहुकूम बुश कातून देणारे टर्नर आहेत आणि नाना पेठेत चिकाटीने फिरणाऱ्याला किरकोळ सुटे भागही मिळतात. खोटी ओळख मात्र कोणत्याही कारागिराला खरी करता येत नाही, आणि आतून कुजलेला सांगाडा पूर्ववत करण्याचा खर्च खरेदीच्या रकमेशी स्पर्धा करू लागतो.

म्हणून आधी गाडी नेमकी कोणती आहे ते समजून घ्यावे. १९६८ मध्ये २८०० सीएस या नावाने सुरू झालेल्या आणि १९७५ पर्यंत चाललेल्या ई-९ मालिकेतील दोन दरवाजांच्या कूपेची ही हलकी आवृत्ती आहे. नावातील ‘एल’ हे अक्षर ‘लाइश्ट’, म्हणजे हलके, या जर्मन शब्दाचे. युरोपियन टूरिंग कार स्पर्धेत उतरायचे तर ठरावीक संख्येने गाड्या सामान्य ग्राहकांना विकणे भाग होते, म्हणून बीएमडब्ल्यूने १९७१ पासून अधिक पातळ पत्रा, ॲल्युमिनियमचे दरवाजे आणि बॉनेट वापरून ही गाडी बनवली. १९७३ मध्ये आणि पुढे १९७५ ते १९७९ अशी सलग पाच वर्षे तिने ती स्पर्धा जिंकली. एकूण १,२६५ गाड्या तयार झाल्या. त्यांतील पहिल्या १६९ कार्ब्युरेटरच्या होत्या, नंतरच्या ९२९ गाड्यांना ३,००३ घन सेंटिमीटरचे इंजेक्शनचे इंजिन होते आणि शेवटच्या १६७ गाड्यांचे इंजिन ३,१५३ घन सेंटिमीटरचे होते. मागे मोठा पंख असलेली, ‘बॅटमोबिल’ म्हणून प्रसिद्ध असलेली गाडी या शेवटच्या गटातील. जर्मनीत असे पंख लावून रस्त्यावर गाडी चालवण्यास परवानगी नव्हती, त्यामुळे ते सुटेच डिकीत ठेवून ग्राहकाच्या स्वाधीन केले जात. आपल्यासाठी मात्र याहून महत्त्वाची बाब ही, की त्या ९२९ पैकी ५०० गाड्या ब्रिटनसाठी उजव्या स्टिअरिंगच्या बनल्या.

ओळख तपासण्याचे काम पुण्यात घरी बसून सुरू करता येते आणि तसेच करावे. विक्रेत्याकडून चेसिस क्रमांकाची पाटी, बॉनेटखालच्या पत्र्यावर ठोकलेला क्रमांक आणि इंजिनावरील क्रमांक या तिन्हींची जवळून काढलेली स्पष्ट छायाचित्रे मागवावीत. ठोकलेल्या अंकांची खोली व ओळ सारखी आहे का, आणि त्यांच्या भोवतीच्या पत्र्यावर घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा आहेत का, हे छायाचित्र मोठे करून पाहावे. त्यानंतर म्युनिकच्या बीएमडब्ल्यू क्लासिक या विभागाकडे लेखी चौकशी करावी. गाडी कोणत्या प्रकारची बनली, कधी बाहेर पडली आणि तिचा मूळ रंग कोणता होता, याचा खुलासा कंपनीच्या जुन्या दप्तरातून होऊ शकतो. याच मालिकेतील साध्या ३.० सीएसआयला पंख आणि काळे पट्टे चढवून ती सीएसएल म्हणून पुढे करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, म्हणून हा पत्रव्यवहार पूर्ण होईपर्यंत बयाणा देऊ नये, मग दुसरा गिऱ्हाईक दाराशी उभा आहे असे विक्रेता कितीही वेळा सांगो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सीएसएल म्हणजे आतून उघडीबोडकी गाडी असे वाचलेले असल्याने काचा वर-खाली करणारी विजेची बटणे दिसताच काही जण गाडी बनावट ठरवतात. ब्रिटनच्या गाड्यांमध्ये या सोयी कारखान्यातूनच परत बसवून दिलेल्या होत्या, त्यामुळे बटणांवरून काहीच सिद्ध होत नाही. त्यापेक्षा मऊ फडक्यात गुंडाळलेले छोटे लोहचुंबक जवळ ठेवावे. ते पुढच्या मडगार्डला चिकटले पाहिजे आणि दरवाजाच्या बाहेरच्या पत्र्याला व बॉनेटला चिकटता कामा नये. मडगार्डलाही ते चिकटत नसेल, तर तेथे रंगाखाली लांबीचा (पुट्टीचा) जाड थर आहे असे धरून चालावे.

पत्र्याच्या तपासणीला पूर्ण दिवस द्यावा. ई-९ ची बॉडी ओस्नाब्रुकच्या कारमान या जर्मन कंपनीकडे बनत असे. बांधणी देखणी, पण गंजापासून संरक्षण फारच तोकडे होते. या कूपेला दरवाजा आणि मागच्या खिडकीच्या मध्ये खांब नसल्याने दरवाजाखालच्या पोकळ पट्ट्यांवर सांगाड्याचा बराच भार असतो, आणि पाणी नेमके तेथेच साचते. गाडी लिफ्टवर घेऊन त्या पट्ट्यांना अंगठ्याने दाब द्यावा, गालिचा उचलून फरशीचा पत्रा पाहावा, पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरचे वरचे टोक जेथे बॉडीला बसते तो भाग आणि त्याच्या मागची भिंत विजेरीने न्याहाळावी, डिकीतील स्टेपनीची खोबण कोरडी करून बोटांनी चाचपावी. दोन्ही दरवाजे उघडून सावकाश लावून पाहावेत. दरवाजा लावताना वर उचलावा लागत असेल, तर दोष केवळ बिजागरीचा आहे असे समजू नये. रंगाची जाडी मोजणारे यंत्र नेणार असाल, तर ते ॲल्युमिनियमवरही चालणारे असावे. ॲल्युमिनियम जेथे पोलादाला टेकते तेथे ओलाव्याने दोन धातूंमध्ये गंज धरतो, म्हणून दरवाजाच्या खालच्या दुमडीवर फुगलेला रंग दिसला तर तो बारीकसा डाग म्हणून सोडून देऊ नये.

माझ्या एका स्नेह्यांनी काही वर्षांपूर्वी याच काळातील एक जर्मन कूपे केवळ छायाचित्रांवर विसंबून घेतली. मार्चमध्ये ती आरशासारखी चकाकत होती. पुण्यातला पहिला पावसाळा सरता सरता चाकांच्या कमानींवर फोड आले, आणि डेंटरने रंग खरवडला तेव्हा आत पत्र्याऐवजी फायबर आणि लांबी निघाली. तो दिवस मला अजून आठवतो, कारण ते गृहस्थ एक शब्दही बोलले नाहीत.

इंजिनाबाबत थोडक्यात सांगता येईल. सहा सिलिंडरचे हे इंजिन दणकट आहे, पण त्याचे हेड ॲल्युमिनियमचे असल्याने ते तापून तडकण्याचा धोका असतो. म्हणून गाडी आपल्यासमोर पूर्ण थंड अवस्थेत सुरू करायला सांगावी, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय आहे का पाहावे आणि सहाही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्यावे. आकडे एकमेकांच्या जवळ असणे महत्त्वाचे. मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आढळले, तर गाडीचा जन्म २८०० सीएस म्हणून झाला असण्याची शंका घ्यावी, कारण ३.० च्या गाड्यांना चारही चाकांवर डिस्क होत्या. खरेदीनंतर इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील पहिल्याच आठवड्यात बदलावेत. आपल्या पंपांवर मिळणाऱ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी १९७० च्या दशकातील रबर बनलेले नाही, आणि गळक्या नळीखाली तापलेले इंजिन असते.

गाडी परदेशात असेल, तर आयातीचे नियम आणि सीमाशुल्क यांची ताजी स्थिती सीमाशुल्क दलालाकडून लेखी घ्यावी. नोंदणीसाठी २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेली दुरुस्ती लागू होते: ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षे टिकते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी ती रस्त्यावर आणता येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले असतील, तर या नोंदणीचा हक्क धोक्यात येतो, म्हणून संगम पुलाजवळच्या आरटीओ कार्यालयात जाण्यापूर्वी म्युनिकहून आलेला खुलासा फायलीत सर्वांत वर लावावा.

गाडी येण्याआधी जागा तयार ठेवावी. सोसायटीच्या तळघरातील ओलसर पार्किंग या गाडीसाठी योग्य नाही. हवा खेळती असलेले, कोरड्या फरशीचे गॅरेज हवे, आणि आच्छादन प्लास्टिकचे नसून सुती असावे. दरवर्षी मृग लागण्यापूर्वी दरवाजांच्या आणि खालच्या पट्ट्यांच्या पाणी वाहून जाण्याच्या भोकांतून मऊ तार फिरवावी आणि प्रत्येक भोकातून पाणी खरोखर खाली पडते की नाही ते तांब्याभर पाणी ओतून पाहावे.