लेगो टेक्निकचा गिअरबॉक्स : गाडीत बसवण्याआधी काय तपासावं

लेगो टेक्निकचा (गिअर आणि पिना जोडून चालती यंत्रं बांधायचा लेगोचा प्रकार) मोठा सेट मोठेपणी पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला सगळीकडून एकच सल्ला मिळतो : पुस्तिका बघत जा, सगळं आपोआप होतं. साध्या विटांच्या घराबाबत हे खरं आहे, टेक्निकबाबत नाही. इथे चित्रात दाखवलंय तसं हुबेहूब बांधूनही गिअर पडत नाही, गाडी ढकलली तर मागची चाकं घासत जातात आणि दोष कुठे आहे हे कळेपर्यंत त्याच्यावर शेकडो तुकडे चढलेले असतात. म्हणून बाकीच्या गोष्टी इथे भराभर उरकतो आणि गिअरबॉक्सपाशी थांबतो.

सेट निवडताना तुकड्यांच्या आकड्याला भुलू नका. २०१८ची बुगाटी शिरॉन ३,५९९ तुकड्यांची, २०२०ची लॅम्बोर्गिनी सियान ३,६९६, २०२२ची फेरारी डेटोना एसपी ३ तर ३,७७८. यातले शेकडो तुकडे नुसत्या पिना, म्हणजे तुकडे जोडणाऱ्या छोट्या खुंट्या असतात. पहिला सेट असा घ्या की त्यात हलणारे पिस्टन, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन आहे, पण गिअरबॉक्स नाही. २०२३ची फोर्ड जीटी (१,४६६ तुकडे) या कामाला उत्तम. दुबई किंवा अमेरिकेहून कुणी नातेवाईक येणार असेल तर खोक्याबाहेर काढून पिशव्याच आणायला सांगा; खोक्यात बरीचशी हवाच असते. पुस्तिका जाड असते, पण तिची पीडीएफ कंपनीच्या साइटवर फुकट मिळते.

हुबेहूब दिसणाऱ्या स्वस्त नकला घेऊ नका. बाहेरच्या पॅनेलला चालून जाईल, पण पिन किंचित जाड आणि दांडा (ज्यावर गिअर आणि चाकं बसतात तो) किंचित वाकडा निघाला की खाली सांगितलेलं सगळं वाया जातं.

मांडामांड

पिशव्यांच्या क्रमाने जा आणि पुढची पिशवी आधी फोडू नका. तुकडे ताटांत काढा. स्टीलच्या ताटात काळ्या पिना उठून दिसतात, पण करडे दांडे दिसेनासे होतात. त्यांना पांढरी मेलामाइनची प्लेट हवी. पंखा बंद करायची गरज नाही, मांजर मात्र खोलीबाहेर.

दांड्याची लांबी डोळ्यांनी ठरवायची नाही. टेक्निकमध्ये सगळं ८ मिलिमीटरच्या पटीत चालतं. लहानपणी मेकॅनिक्सच्या लोखंडी पट्ट्या नट-बोल्टांनी जोडल्या असतील, तर तिथे बोल्ट सैल करून पट्टी जरा सरकवता यायची. इथे भोक जिथे आहे तिथेच आहे. त्यामुळे पाचचा दांडा म्हणजे ४० मिलिमीटर. बीमशेजारी (भोकांच्या पट्टीशेजारी) धरून भोकं मोजा, किंवा पुस्तिकेत दांड्याचं खऱ्या मापाचं चित्र छापलेलं असतं, त्यावर ठेवून बघा. सहाच्या जागी सात घातला, तर तो पलीकडच्या गिअरला घासत राहतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

पिनांचंही तसंच. काळी पिन घट्ट बसते, फिकट करडी मोकळी फिरते. एका बाजूला दांड्याचं टोक असलेल्या पिनांमध्ये निळी घट्ट, बदामी मोकळी. लिव्हरच्या सांध्यात बदामीच्या जागी निळी गेली, तर लिव्हर हलतो पण परत येत नाही. रंग आवडीनुसार बदलणारे हौशी लोक इथेच आपटतात.

गिअरबॉक्स

मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथे. म्हणून आधी तो चालतो कसा ते नीट समजून घ्या.

दांड्यावर क्लच गिअर असतो. त्याचं भोक गोल, त्यामुळे दांडा फिरला तरी तो आपला मोकळा. शेजारी ड्रायव्हिंग रिंग असते, ती दांड्याबरोबर फिरते आणि डावी-उजवीकडे सरकते. रिंग सरकून क्लच गिअरच्या कडेच्या खाचांत शिरली की तो गिअर दांड्याशी बांधला जातो. यालाच गिअर पडणं म्हणायचं. रिंग मधोमध असली की न्यूट्रल. चार गिअरच्या पेटीत अशा दोन रिंगा असतात, आणि एका वेळी एकच रिंग गुंतलेली असायला हवी.

दातांचं गणितही माहीत असू द्या. १६ दाती गिअरला १६ दाती, किंवा १२ला २०, किंवा ८ला २४ : तिन्ही जोड्यांत दोन दांड्यांमधलं अंतर बरोबर दोन भोकं, म्हणजे १६ मिलिमीटर. दातांची बेरीज ३२ आली की अंतर दोन भोकं. ४८ आली (८ आणि ४०, किंवा २४ आणि २४) की तीन. हे तोंडपाठ असलं की पुस्तिकेतलं चित्र वाचायची पद्धतच बदलते, आणि चुकीचा गिअर हातात आला तर बसवण्याआधीच खटकतो.

आता इशारा. गिअरबॉक्सचा सांगाडा पूर्ण झाला आणि पुस्तिका म्हणाली की तो चॅसीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात बसवा, तर बसवू नका. आधी तपासा. आत जाणाऱ्या टोकाला एक सुटा दांडा जोडा, तो अंगठा आणि तर्जनीत धरून हळूहळू फिरवा. एकेक गिअर टाकून दरवेळी दोन-तीन पूर्ण फेरे. चिमटीत दोष बरोबर कळतो.

प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडकत असेल, तर एखादा दांडा वाकलाय किंवा एखादा दात नीट बसलेला नाही. दांडा काढून काचेवर लोळवा. वाकडा असेल तर लगेच डुलतो.

सगळीकडे सारखंच जड जात असेल, तर दोष बुशांचा. दांडा सरकू नये म्हणून त्यावर बुश नावाची छोटी कडी लावतात. लोक तो गिअरला चिकटवून दाबतात. गिअर आणि बुश यांच्यात पातळ कागद जाईल एवढी फट ठेवा. दांडा टोकाला धरून आत-बाहेर केला तर केसभर हलला पाहिजे. बुश ठीक असतील, तर चौकट पिळलेली आहे का बघा : सपाट टेबलावर ठेवा, चारही कोपरे टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर बहुतेक वेळा एखादी पिन पूर्ण आत गेलेली नसते. पिनेच्या मधली कडा बीमच्या खोबणीत दिसेनाशी झाली पाहिजे. बाजूने नखाने चाचपलं तर कळतं.

न्यूट्रलमध्ये छान फिरतंय पण गिअर टाकला की जाम, याचा अर्थ दोन्ही रिंगा एकदम गुंतल्या. एकाच दांड्याला दोन वेगवेगळ्या वेगांनी फिरवायचा प्रयत्न होतोय, ते शक्यच नाही. मोठ्या सेटमध्ये रिंगा सरकवायला एक फिरणारा सिलेक्टर असतो, तो ९० अंशांनी वळतो. असे दोन सिलेक्टर एकाच दांड्यावर असतात आणि त्यांच्या खाचा एकमेकांच्या तुलनेत कुठल्या दिशेला आहेत यावर कुठला गिअर कधी पडणार हे ठरतं. बसवताना पुस्तिकेतलं चित्र आणि हातातला भाग एकाच दिशेला धरा, पान उलटं-सुलटं फिरवू नका, आणि खाच वर आहे की बाजूला हे पुटपुटत बसवा. पुस्तिकेवरही डोळे मिटून विश्वास नको : २०१६च्या पोर्शे ९११ जीटी ३ आरएसमध्ये गिअर १-३-२-४ अशा क्रमाने पडायचे, आणि ते हौशी लोकांनीच शोधून दुरुस्त केलं.

कट-कट असा आवाज येत असेल, तर दात घसरताहेत. म्हणजे चौकट ताणाखाली फाकतेय. कोनात भिडणारे गिअर एकमेकांना बाहेर ढकलतात, त्यामुळे त्या जागी दांड्याला दोन्ही बाजूंनी आधार आहे ना, हे बघा. पांढऱ्या २४ दाती क्लचचा (हा वरचा क्लच गिअर नव्हे) आवाज मात्र निराळा. तो जास्त जोर आला की मुद्दाम घसरतो, मोटर आणि दांडे वाचवण्यासाठी. त्याला घट्ट करायला जाऊ नका.

आणि तेल घालायचं नाही. शिलाई मशीनचं तेल, स्प्रे, व्हॅसलीन, काहीही नाही. घर्षण तेलाने जात नाही, सरळ बसवण्याने जातं; तेल मात्र महिन्याभरात धूळ धरून काळा चिखल होतं. तेल घाला असा सल्ला देणाऱ्याने आपली गाडी सहा महिन्यांनी उघडून बघितलेली नसते.

डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच) बसवताना त्याचा मोठा दातेरी चेहरा डावीकडे की उजवीकडे, हे दोनदा बघा. बाजू बदलली की फिरण्याची दिशा उलटते. फक्त मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत पिस्टन उलटे फिरतील, एवढंच. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत मात्र पुढचा धुरा आणि मागचा धुरा एकमेकांशी भांडतात आणि गाडी जागची हलत नाही.

उरलेलं

गाडीचा सांगाडा टेबलावर ढकलून बघा. पिस्टन वर-खाली होताना दिसले की पुढे जा. पॅनेल आणि बाह्यांग दोन संध्याकाळींत होतं. स्टिकर लावायला चिमटा वापरा, किंवा लावूच नका.

वापरलेले सुटे भाग घ्यायचे असतील तर ब्रिकलिंक ही वेबसाइट. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क आधी हिशेबात धरा, नाहीतर चार दांडे सोन्याच्या भावात पडतात. आलेले भाग ४० अंशांच्या आत असलेल्या कोमट साबणाच्या पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात पांढरे तुकडे पिवळे पडतात, म्हणून शोकेसही खिडकीसमोर नको.

गाडी कायम शोकेसमध्ये ठेवायची असेल तर ठेवा. मी मात्र दोन-तीन महिन्यांत मोडतो आणि त्याच तुकड्यांतून दोन गिअरची पेटी बांधायला घेतो : दोन समांतर दांडे दोन भोकं अंतरावर, एकीकडे १६-१६ची जोडी, दुसरीकडे १२ आणि २०ची, मध्ये एकच ड्रायव्हिंग रिंग. क्लच गिअर दोनच, १६चा आणि २०चा. पहिल्या जोडीत वेग तेवढाच राहतो. दुसरीत १२ ने २० फिरवलं तर पाऊणपटीहूनही खाली येतो आणि जोर तेवढा वाढतो. मोजके बीम आणि मूठभर बुश एवढ्यावर होतं. आधी हे पुस्तिकेशिवाय बांधा, मगच शिरॉनचं खोकं उघडा.