हर्शेल की बॅरी? हा वाद नीट घालायचा असेल तर

अमेरिकेत दिवाळी आणि कॉलेज फुटबॉलचा मोसम एकाच वेळी येतात. त्यामुळे जॉर्जिया राज्यातल्या अल्फारेटाच्या आमच्या घरी फराळाला माणसं जमली की तासाभरात विषय रनिंग बॅकवर येतोच. शेजारचा वेन पिढीजात जॉर्जियाचा. चकली मोडता मोडता तो म्हणणार, "हर्शेल वॉकर. विषय संपला." जावईबापू मॅडिसनला, विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकलेले, ते हळूच तिथल्या रॉन डेनचं नाव सोडून देणार. आणि मी, सांगलीत खो-खो खेळलेली बाई, बॅरी सँडर्ससाठी पदर खोचणार. पस्तीस वर्षं हा वाद घालतेय, पुष्कळदा हरलेही आहे. कोणाला यात उतरायचं असेल तर चार गोष्टी सांगते.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी एवढंच: क्वार्टरबॅक चेंडू हातात देतो आणि तो घेऊन समोरच्या अकरा जणांच्या अंगावर धावून जातो, तो रनिंग बॅक. जितका पुढे जाईल तितके यार्ड त्याच्या खात्यात, एक यार्ड म्हणजे तीन फूट. शेवटच्या पट्ट्यात पोचला की टचडाउन. वाद घालायला इतकं पुरतं. मी तर याहून कमी माहिती असताना सुरुवात केली होती.

आधी कुंपण घाला. "आजवरचा सर्वांत मोठा कोण" असा वाद घालू नका, त्यात गावसकर-तेंडुलकरसारखं होतं, हाती काही लागत नाही. १९७२च्या आधी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळताच येत नसे. मग तीन वर्षं खेळलेल्याची बेरीज चार वर्षं खेळलेल्याशी कशी लावणार? आमच्या घरातलं कुंपण १९८० ते १९८८. त्यात जॉर्जियाचा हर्शेल वॉकर, सदर्न कॅलिफोर्नियाचा मार्कस ॲलन, नेब्रास्काचा माइक रोझियर, ऑबर्नचा बो जॅक्सन आणि ओक्लाहोमा स्टेटचा बॅरी सँडर्स. पाचही जणांना हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, मिळालेली, त्यामुळे ट्रॉफी दाखवून कोणाचं तोंड बंद करता येत नाही. डेन खेळला १९९६ ते १९९९, म्हणजे कुंपणाबाहेर. जावईबापू दरवर्षी रुसतात, मी दरवर्षी त्यांच्या ताटात एक करंजी जास्त वाढते.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. कोणी आकडा फेकला की तो खरा की खोटा हे विचारू नका, तो मोजला कसा ते विचारा. मोसमाच्या शेवटी निवडक संघ बोल गेम नावाचा जादा सामना खेळतात. २००२च्या आधी त्या सामन्यातले यार्ड अधिकृत खात्यात धरतच नसत. आता धरतात. जुन्यांची खाती मात्र दुरुस्त केली नाहीत. म्हणून डेनच्या नावावर चार वर्षांचे ६,३९७ यार्ड राहिले आणि २०१६ मध्ये सॅन डिएगो स्टेटचा डॉनेल पंफ्री ६,४०५ करून पुढे गेला, तोही बोल गेममध्येच. डेनचे चारही बोल धरले तर ७,१२५ होतात. या मुद्द्यावर मी जावईबापूंच्या बाजूने आहे, कुंपण गेलं खड्ड्यात.

बॅरीचंही तेच. १९८८ मध्ये त्याचे ११ सामन्यांत २,६२८ यार्ड, एका मोसमातला विक्रम. पुढे हॉलिडे बोलमध्ये वायोमिंगविरुद्ध २२२ यार्ड आणि पाच टचडाउन केले, ते खात्यात नाहीत. आणि आता बघा. २०२४च्या ३१ डिसेंबरला बॉयझी स्टेटचा ॲश्टन जेंटी हा विक्रम मोडायला निघाला होता. त्याला १३२ यार्ड हवे होते आणि त्याचा हा मोसमातला चौदावा सामना होता. घरात नव्या वर्षाच्या पार्टीला पंधरा माणसं, पावभाजीचा तवा गॅसवर, आणि मी कोपऱ्यात वही घेऊन बसलेली. १०४ वर थांबला. एकूण २,६०१, सत्तावीस कमी. पोरगा गुणी आहे, वाईट वाटलं. पण भागाकार करा: बॅरीचे सामन्याला २३८.९, जेंटीचे १८५.८. बॅरीचा बोल धरला तर बारा सामन्यांत २,८५० होतात. वादाला बसताना मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा ठेवा, आवाज चढवावा लागत नाही.

वहीचं सांगायचं राहिलं. ऑगस्ट १९८८ मध्ये लग्न होऊन स्टिलवॉटरला, बॅरीच्या ओक्लाहोमा स्टेटच्या गावी आले. नवरा एमएस करत होता आणि मला व्हिसावर कामाची परवानगी नव्हती. सासूबाईंनी पदार्थ लिहून ठेवायला दोनशे पानी वही दिली होती. पुढून त्यात शंकरपाळ्यांचं प्रमाण, मागून बॅरीच्या धावांच्या रेघा. पाच रेघांचा जुडगा, खाली अंदाजे यार्ड. शेजारच्या ओक्लाहोमा विद्यापीठाविरुद्धचा सामना आम्ही ३१-२८ असा हरलो, तो मी आमच्या मैदानावर, लुईस फील्डवर बसून पाहिला. बॅरीने २१५ यार्ड काढले. त्या पानावर चहाचा डाग आहे, शेवटच्या मिनिटाला कोणाचा तरी कप उडाला होता.

हे सगळं सांगायचं कारण असं की यूट्यूबवरच्या तुकड्यांवरून वाद घालू नका. तुकड्यांत सगळेच देव दिसतात. एक तरी सामना पूर्ण बघा आणि दोन-तीन यार्डांच्या धावा बघा, माणूस तिथे कळतो. खो-खोत आम्ही जिला हुलकावणी म्हणायचो ती बॅरीच्या कमरेत होती. चेंडू हातात, वाट बंद, समोर आडदांड गडी. तो क्षणभर थांबायचा, खांदा डावीकडे टाकायचा, पाय उजवीकडे निघायचे आणि त्या गड्याच्या मिठीत नुसती हवा. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. टचडाउन झालं की नाच नाही, चेंडू पंचाच्या हातात दिला की चालू पडला. माझ्या सासऱ्यांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "संस्कार चांगले दिसतात."

तिसरं, वाट कोणी मोकळी करून दिली ते विचारा. रोझियरने १९८३ मध्ये २७५ धावांत २,१४८ यार्ड केले, म्हणजे धावेला ७.८. डोळे दिपतात. पण पुढे वाट काढायला डीन स्टाइनकुलर होता, चेंडू द्यायला टर्नर गिल, आणि बचावफळीचं लक्ष ओढून घ्यायला अर्व्हिंग फ्रायर. आता हर्शेल बघा. १ जानेवारी १९८१चा शुगर बोल, समोर नोत्र दाम. जॉर्जियाच्या क्वार्टरबॅकचा अख्ख्या सामन्यात एकच पास यशस्वी झाला. म्हणजे चेंडू कोणाकडे जाणार हे मैदानातल्या माशीलाही ठाऊक. तरी या पहिल्या वर्षाच्या मुलाने, खांदा निखळलेला असताना, ३६ धावांत १५० यार्ड काढले आणि जॉर्जिया राष्ट्रीय विजेता झाला. वेन हे सांगताना उभा राहतो. मी अडवत नाही.

ॲलनचा मुद्दा थोडक्यात: एका मोसमात २,००० यार्डांपलीकडे गेलेला तो पहिला, १९८१ मध्ये. पण १९७९ मध्ये तो चार्ल्स व्हाइटसाठी पुढे धावून वाट करून द्यायचा आणि हाइझमन मिळाली व्हाइटला. ते काम कुठल्याच खात्यात दिसत नाही. घरातल्या बायकांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

चौथं, व्यावसायिक फुटबॉल आणू द्यायचा नाही. आणला की बो जॅक्सनचं काय करणार? त्याची पुढची कारकीर्द, बेसबॉल, कमरेची दुखापत, सगळ्याची भेळ होते. कॉलेजातला बो म्हणजे धावेला ६.६ यार्ड आणि १९८२ मध्ये अलाबामाविरुद्ध सगळ्यांच्या डोक्यावरून मारलेली ती उडी. एवढ्यावर बोला. या नियमाने माझंच नुकसान होतं, कारण पुढे डेट्रॉइटच्या व्यावसायिक संघातून खेळलेला बॅरी मला वापरता येत नाही. चालायचंच.

आणि आपल्या माणसाची दुखरी नस आपणच आधी दाखवायची. दुसऱ्याने दाखवली तर तोंड लपवावं लागतं. बॅरीने त्या मोसमात चार सामन्यांत तीनशेच्या वर यार्ड काढले. त्यातले दोन कॅन्सस आणि कॅन्सस स्टेटविरुद्ध. त्या वर्षी कॅन्सस एक सामना जिंकलं, कॅन्सस स्टेट एकही नाही. शिवाय आधीची दोन वर्षं बॅरी संघाचा मुख्य रनिंग बॅक थर्मन टॉमसच्या मागे राखीव होता, म्हणजे त्याचा खरा हंगाम एकच. हे मी स्वतःहून बोलते. मग वेन खूश होऊन मागे रेलतो, तेव्हा विचारते, "आणि तगड्या नेब्रास्काविरुद्धचे १८९?"

गेल्या दिवाळीत त्याने मला पेचात टाकलं. म्हणाला, "मोसम सोड. तीन वर्षांसाठी संघ बांधायचाय, पहिलं नाव कोणाचं?" मी वही उघडली, मिटली. हर्शेलचे ३३ सामन्यांत ५,२५९ यार्ड. हाइझमनच्या मतदानात पहिल्या वर्षी तिसरा, मग दुसरा, मग पहिला. म्हटलं, "तीन वर्षांसाठी तुझा. एका वर्षासाठी माझा."

वेनने चिवड्याचा डबा काखेत मारला आणि दारातूनच ओरडला, "अर्धा मान्य केलास म्हणजे पुढच्या वर्षी उरलेला!" जावईबापू सोफ्यावरून म्हणाले, "आई, मग कुंपण १९९९ पर्यंत नेऊ या ना."