रंग सुकेपर्यंत: गोव्याच्या पावसात चित्रवही कशी ठेवावी

एप्रिलमध्ये जलरंगाचा एक हात आठ-दहा मिनिटांत सुकतो. गोव्यात जुलैच्या मध्यावर त्यालाच पंचवीस-तीस मिनिटं सहज लागतात. चित्रवहीचा उत्साह मावळतो तो बहुधा याच मधल्या वेळात, कारण तेव्हा रंग ओला असतो, हात रिकामा असतो आणि फोन खिशात असतो. दोन मिनिटांसाठी उघडलेला फोन अर्ध्या तासाने खाली ठेवला जातो. तोवर प्रकाश बदललेला असतो आणि काय बघत होतो तेही विसरायला होतं.

यासाठी संथ जगायचा मोठा संकल्प करायची गरज नाही. कागद, पेन, रंग आणि बसायची जागा अशी मांडून ठेवायची की फोनपेक्षा वही आधी हाताला लागेल, आणि त्या अर्ध्या तासाला काम नेमून द्यायचं. चित्र यावं लागत नाही. रोज चाळीस मिनिटं मात्र लागतात.

कागद: बांधलेली वही नको, सुटी पानं

पावसाळ्यात बांधलेल्या वहीची पानं एकमेकांना चिकटतात आणि शिवणीजवळचा भाग दोन-दोन दिवस दमट राहतो. म्हणून जूनमध्ये जलरंगाच्या कागदाचा एक मोठा ताव घ्या. ताव ५६ × ७६ सेंटिमीटरचा आणि ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) हवा. दोन्ही बाजूंचे चार-चार भाग केले की १४ × १९ सेंटिमीटरची बरोबर १६ पानं निघतात. पान आडवं धरून डावीकडे २ सेंटिमीटरचा समास पेन्सिलीने आखून घ्या. पाऊस संपल्यावर याच समासात शिवण घालायची आहे, त्यामुळे तिथे रंग जाऊ देऊ नका.

२०० जीएसएमचा कागद स्वस्त पडतो, पण ओला होताच पन्हळीसारखा वाकतो आणि खळग्यांत पाणी साचतं. शंभर टक्के कापसाचा कागद महाग असतो. पाणी तो जास्त वेळ धरून ठेवतो, म्हणजे इथल्या हवेत आणखी उशिरा सुकतो. शिकताना लाकडी लगद्याचा ३०० जीएसएम पुरे आहे.

कागदाचा खरा शत्रू पाणी नव्हे, बुरशी. जलरंगाच्या कागदाला खळ दिलेली असते, तिच्यामुळे रंग वरच्यावर राहतो. दमट कपाटात बुरशी ही खळ खाते. कोरा कागद दिसायला ठीक वाटतो, पण रंगाचा हात फिरवला की पावसाचे थेंब पडल्यासारखे काळपट ठिपके उमटतात. तिथे रंग आत शोषला गेलेला असतो. यावर इलाज नाही. असं पान फक्त बॉलपेनसाठी ठेवा.

हे टाळायला पाच लिटरचा घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा घ्या आणि त्यात पानांबरोबर १०० ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा. रंग बदलणारं केशरी जेल घेतलं तर ते हिरवं पडलं की ओलावा भरला हे कळतं. मग जुन्या ताटलीत पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवा, पुन्हा केशरी होतं. ती ताटली परत जेवणाला वापरू नका. तांदूळ टाकायचा सल्ला घरोघरी मिळतो. त्याने ओलावा फारसा जात नाही आणि पोरकिडे मात्र येतात. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकून असेल तर डबा तिथे ठेवूच नका, कारण चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत सप्टेंबरपर्यंत ओल सोडत नाही.

पेन, रंग, ब्रश

सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे साधं बॉलपेन. त्याची शाई तेलकट असल्याने वरून पाण्याचा ब्रश फिरवला तरी पसरत नाही. जेल पेन पसरतं, फाउंटन पेनची बहुतेक निळी शाईही पसरते. जलरोधक म्हणून विकलेलं ०.३ मिलिमीटरचं पेन असेल तर आधी टाकाऊ तुकड्यावर रेघ मारा, पाच मिनिटं थांबा आणि ओला ब्रश फिरवून बघा. कोरड्या हवेत एक मिनिट पुरतं, इथे पुरत नाही. पेन्सिल २बी घ्या. कडक पेन्सिल दमट कागदात चरे पाडते आणि ते चरे रंगाने भरून काळे दिसतात. खोडरबर शक्यतो घरीच राहू द्या.

रंग पाच पुरतात: अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), येलो ओकर (मातकट पिवळा), लेमन येलो आणि एक गार, म्हणजे निळसर झाकेचा, लाल. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना समसमान मिसळले की आषाढातल्या आभाळाचा राखाडी मिळतो. बर्न्ट सिएना जास्त घातला तर ओला चिरा होतो. शेताच्या हिरव्यासाठी लेमन येलोत अल्ट्रामरीन मिसळा आणि शेवटी बर्न्ट सिएनाचं टोक लावा, नाहीतर भात प्लास्टिकचं वाटतं. बाजारातला तयार हिरवा घेऊच नये. गोव्यातला पावसाळी हिरवा एक नसतो, आणि त्यातला फरक मिसळतानाच कळतो.

मध घातलेले रंग काही जण आवडीने घेतात. ते इथे जून ते सप्टेंबर चिकटच राहतात. कोणतीही रंगपेटी ओली असताना बंद केली तर चार-पाच दिवसांत पांढरी बुरशी धरते. ती सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पेटी रात्रभर पंख्याखाली उघडी ठेवा आणि मग बंद करा. ब्रश एकच घ्या, ८ नंबरचा गोल. धुतल्यावर तो आडवा सुकवा. उभा ठेवला की पाणी पत्र्याच्या टोपीत उतरतं आणि आतला डिंक सुटून केस गळतात.

फोनचं काय करायचं

घरी वयस्क माणसं असतील तर फोन बंद करणं जमत नाही, आणि तसं करूही नये. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून फक्त घरच्या तीन-चार नंबरांना परवानगी द्या. वेळ मोजायला फोन घेऊ नका, त्यासाठी स्वयंपाकघरातला चावीचा टायमर आणा. ‘फक्त किती वाजले ते बघतो’ हीच फोनकडे जायची सर्वांत रुंद वाट आहे.

चित्राआधी फोटो काढू नका. कॅमेरा आभाळ आणि सावली दोन्ही सारख्या उजेडात आणतो. रुंद भिंगामुळे जवळची वस्तू फुगते आणि माड मागे पडतात. मुख्य म्हणजे फोटो निघाला की मन काम झालं असं धरून चालतं. फोटो हवा असेल तर पान पूर्ण झाल्यावर काढा.

आणि सोळा पानं होईपर्यंत एकही पान सोशल मीडियावर टाकायचं नाही. चौथ्या पानावर शंभर लाइक मिळाले की पाचव्या पानाचा विषय लोक ठरवतात.

चाळीस मिनिटं

पहिली पाच मिनिटं काही काढायचं नाही. समोर बघायचं आणि समासाबाहेर खाली चार-पाच शब्द लिहायचे: वारा कुठून, आवाज कसला, वास कशाचा. ‘सुकी मासळी, पागोळी, शेजारच्या मिक्सरचा आवाज’ एवढं पुरे.

पुढची पाच मिनिटं पेन्सिलीने फक्त मोठे आकार. छप्पर कुठे संपतं आणि आभाळ किती दिसतं एवढंच बघा, कौलं मोजायला जाऊ नका. त्यानंतर दहा मिनिटं बॉलपेन. डोळा वस्तूच्या कडेवर ठेवा आणि हात मुंगी चालेल त्या वेगाने न्या. कागदाकडे अधूनमधूनच बघा. रेघ वाकडी गेली तर शेजारून दुसरी मारा, पहिली राहू द्या. दोन रेघा एकत्र दिसल्या की डोळा योग्य तीच निवडतो. बॉलपेन खोडता येत नाही, म्हणूनच हात आपोआप सावकाश चालतो.

मग रंगाचा पहिला हात, फिका आणि एका दमात. पान थोडं तिरकं धरा, खाली जमलेला थेंब ब्रश पिळून त्याच्या टोकाने उचला.

आता तो अर्धा तास येतो. चकाकी गेली म्हणजे रंग सुकला, असं समजून दुसरा हात देतात आणि फुलकोबीसारखे फिकट डाग उमटतात. कागद आत ओला असताना वर नवं पाणी पडलं की ते जुना रंग ढकलत बाहेर नेतं, कडेला तो साचतो. सुकलं की नाही हे हाताच्या मागच्या बाजूने बघा. गार लागलं तर ओलं आहे. हेअर ड्रायरने काम होतं, पण तो एक फूट लांब धरावा लागतो. जवळ धरला तर रंगाचं तळं पानभर पळतं. शिवाय घाईच करायची तर हा सगळा खटाटोप कशाला?

सुकेपर्यंत दुसरं पान काढा. त्यावर तीच वस्तू जवळून, फक्त रेघांत काढायची. पहिल्या पानावर घर असेल तर इथे एकच खिडकी, शिंपल्यांच्या तुकड्यांची असेल तर तिचे चौकोन. माड असेल तर एकाच झावळीचा देठ. मोकळ्या समासाजवळ रंगांची नोंद करा: ‘चिरा ओला, सिएना जास्त, शेवाळ डावीकडे’. चाळीस मिनिटं इथेच संपतात. दुसरा हात संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी द्या. एका वेळी दोन पानं चालू राहिली की थांबणं खुपत नाही. वीज आणि नेटवर्क दोन्ही गेलेल्या दुपारी हे आणखी सोपं जातं, आणि अशा दुपारी इथे कमी नाहीत.

काय काढायचं, कुठे बसायचं

पहिली चार पानं घरातूनच काढा, एकाच खिडकीतून. त्यातून पागोळी, कुंपणाचे चिरे आणि तुळशीवृंदावन एवढंच दिसत असेल तर छान. रोज नवी जागा शोधण्यात वेळ आणि पेट्रोल जातं, हाती काही लागत नाही. लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा (१९२६–२०११) लहानपणापासून चित्रांच्या डायऱ्या ठेवत. त्यांत भरपूर होती ती आजूबाजूची माणसं.

वनस्पतींत तायकिळा, म्हणजे टाकळा, हा चांगला पहिला विषय आहे. वाटेच्या कडेला उगवतो, पानाला बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि रात्री त्या मिटतात. दिवसाचं आणि रात्रीचं अशी दोन पानं काढा. चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची लाकडी चौकट, बांधतात तेव्हा रानातली फळं एकत्र घरी येतात: कांगलां, माट्टी, घागऱ्या. सुकून रंग उतरायच्या आत रोज एक काढत गेलात तर एरवी ज्यासाठी रान तुडवावं लागेल ते विषय घरातच मिळतात. माटोळीतली काही फळं विषारी असतात. मुलांना चित्र काढायला द्या, चाखायला नको.

बाहेर पडायचं तर फेरीबोट घ्या. जुने गोवे ते दिवाडी किंवा रायबंदर ते चोडण हा प्रवास इतका थोडका असतो की माणसाचं चेहऱ्यासकट चित्र होत नाही, म्हणूनच ती शिकवते. दर मिनिटाला एक उभं राहण्याची ढब: हेल्मेट काखेत धरलेला, कठड्याला टेकलेली, पिशवी पायात घेऊन बसलेली. चोडणला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. तिथल्या खारफुटीत काही झाडांची मुळं कमानीसारखी वरून खाली येतात, तर काहींची श्वासमुळं पेन्सिली रोवल्यासारखी चिखलातून वर येतात. रेघेच्या अभ्यासाला दोन्ही उत्तम.

खाजन शेताजवळ, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेताजवळ, राहत असाल तर मानशीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेच्या) दारांवर एक पान जरूर खर्च करा. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडतात, भरतीला बाहेरच्या पाण्याने मिटतात. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणजे या रविवारी सकाळी आठला पाणी भरलेलं असेल, तर पुढच्या रविवारी आठला जवळजवळ ओहोटी सापडते. तेच दृश्य पुन्हा हवं असेल तर पंधरवड्याने जा.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार काढताना आधी काहीतरी विकत घ्या, मग विचारा, मग बसा. सकाळी अकराच्या आत जागा सोडा, गिऱ्हाईक अडतं. पणजीच्या फोंतेन्यास या जुन्या वस्तीत दारं-खिडक्या सुंदर आहेत, पण त्यांच्यामागे माणसं राहतात आणि फोटोवाल्यांना ती कंटाळलेली आहेत. कोणाच्या पायरीवर न विचारता बसू नका. घडीचं स्टूल नेलंत तर समोरच्या कडेला बसता येतं. पाऊस लागून राहिला तर पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. मूळ ग्रंथालय १८३२ सालचं. तिथे पेन्सिल आणि बॉलपेन एवढंच न्या, पाण्याची डबी नको.

शेवटी शिवण

ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत पानं दोन दिवस सावलीत पसरा, थेट उन्हात रंग उडतो. मग सगळी पानं एकावर एक लावून दोन काळ्या क्लिपांनी घट्ट धरा. समासात कडेपासून १२ मिलिमीटर आत, सारख्या अंतरावर चार भोकं चांभाराच्या आरीने पाडा. एकदम सोळा पानांत आरी वाकडी जाते, म्हणून चार-चार पानांचे गठ्ठे करा आणि पहिला गठ्ठा मापाला ठेवा. मेण लावलेला जाड दोरा ९० सेंटिमीटर घ्या. प्रत्येक भोकातून एकदा सरळ आणि एकदा कडेला वेढा घालून शिवत जा, गाठ दोन पानांच्या मध्ये लपवा. मेण नसेल तर देवघरातल्या मेणबत्तीवर दोरा दोनदा ओढला तरी चालतो.

शिवलेली वही पुन्हा त्याच डब्यात ठेवा. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकायच्या असतील तर कागदाला टेकू देऊ नका, डाग पडतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवला तर तो प्रश्नच येत नाही. फक्त पाला पुरता कुरकुरीत वाळलेला हवा.